उसासे टाकणारी मोटार

कुंडलिक ड्रायव्हरला मोटार चालवता येते, याबद्दल भोरात कुणाचं दुमत नव्हतं. मोटार बंद का पडते हे त्याला कळतं, अशी खात्री मात्र एकाच माणसाला होती, आणि तो माणूस खुद्द कुंडलिक होता.

तो मूळचा वरव्याचा. बाप गेनबा बैलगाडी हाकायचा. पोराने तरी बैलांच्या शेपटीमागे जन्म काढू नये म्हणून गेनबाने त्याला पुण्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मोटार पुसायच्या कामाला लावलं. पुसता पुसता तो ती मागेपुढे घ्यायला शिकला, मग चालवायला शिकला, आणि साहेब विलायतेला निघून गेल्यावर परत आला तो खाकी कोट, कातडी टोपी आणि एक पक्कड घेऊन. पक्कड कोटाच्या वरच्या खिशात, अर्धी बाहेर दिसेल अशी. लग्नाच्या पंगतीलाही ती त्याच्याबरोबर जेवायला बसायची. "आमी पुण्याला शिकलेलो," असं तो सांगे. काय शिकला, असं विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्याला तेवढंसुद्धा येत नसे.

अशा माणसाला उपेंद्रराव वकील भेटले. वकिलांकडे पक्षकार कमी आणि हौस जास्त. त्यांनी पुण्याहून कुणाची तरी वापरून झालेली मोटार आणली, मागचा भाग कापून सुताराकडून लाकडी सांगाडा चढवून घेतला, आत बाकं ठोकली आणि भोर ते पुणे अशी सर्व्हिस सुरू केली. तो काळच असा होता, की रस्त्याला मोटार दिसली तर शेतातली माणसं खुरपं टाकून बांधावर येत. मोटार जुनी की नवी हे बघायची सवड कुणाच्या डोळ्यांना नव्हती.

या मोटारीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या अगदी पुढे होती, आणि तिचं गोल पितळी झाकण वर आलेलं होतं. समोरून पाहिलं तर दोन दिवे म्हणजे डोळे, आणि बरोबर मधोमध कपाळावर हे झाकण. आता कपाळ दिसलं की आपल्या माणसाचा हात शिवशिवणारच. दसऱ्याला वकिलीणबाईंनी तिथं हळदीकुंकवाची बोटं ओढली. कुंडलिकला ते पटलं नाही. एवढ्या धुडाला कोरडं कुंकू काय पुरणार, असं त्याचं म्हणणं. त्याने शेंदूर आणला, इंजिनाच्या जुन्या तेलात कालवला आणि म्हसोबाला फासावा तसा झाकणावर जाड थापला. पुढे दर अवसेला त्यावर नवा थर. झाकण पितळेचं आहे हे थोड्याच महिन्यांत लोक विसरले.

आणि मोटार बंद पडायला लागली.

भोरहून ती चांगली निघायची. भाटघर, कापूरहोळ, नसरापूरचा फाटा, इथवर कुरकुर नाही. वरवे बुद्रुकच्या आसपास आली, की अंगात आल्यासारखे हिसके द्यायची, दोनचार आचके, आणि गप्प. कुंडलिक खाली उतरायचा. टोपी मागे सारायची, बॉनेट उघडायचं आणि आत बराच वेळ नुसतं बघायचं. एवढा वेळ बघतोय म्हणजे काहीतरी दिसत असणार, अशा समजुतीने उतारू मान वाकडी करून त्याच्यामागे उभे राहायचे.

मग निदान. पहिल्यांदा त्याने सांगितलं, "पित्त खवळलंय." इंजिनावर ओलं फडकं ठेवलं. नंतर एकदा म्हणाला, "छातीत कफ साठलाय," आणि पेट्रोलची नळी काढून तोंडाने फुंकली. एकदा त्याला मोटारीची नस उतरलेली सापडली, ती त्याने पक्कडीने चढवली. नस कुठली, हे त्याने कुणाला दाखवलं नाही. वैद्यही दाखवत नाहीत.

हे सगळं करून थकला, की शेवटी तो टाकीत पेट्रोल आहे का बघायचा. झाकण फिरवून काढायचं आणि आत काठी बुडवायची. झाकण ढिलं होताना दर वेळी "फुस्स" असा आवाज यायचा. "ऐकलं का," कुंडलिक उतारूंना सांगे, "उसासा टाकती. पीडा बाहीर पडली." तोवर कुणीतरी रस्त्याकडेच्या म्हसोबाला नारळ फोडलेला असायचा. कुंडलिक झाकण घट्ट लावी, हँडल मारी, आणि मोटार सुरू. उतारू म्हसोबाला हात जोडत, कुंडलिक पक्कड पुसून खिशात ठेवी, आणि खोबऱ्याचे तुकडे वाटत मंडळी पुढे निघत. परतीच्या वाटेवरही हाच सोहळा, फक्त दगड दुसरा. शिवऱ्याच्या अलीकडे एका बिनशेंदराच्या धोंड्याला तर केवळ या मोटारीमुळे देवपण आलं.

लोक म्हणायला लागले, वकिलांच्या मोटारीने वरव्यापर्यंत जायचं, पुढचं देवाच्या मर्जीवर. हे वकिलांच्या कानावर गेलं. वकिलांना देवाचा राग नव्हता, पण आपल्या मोटारीचा कारभार देवाने बघावा हे त्यांना रुचेना. त्यांनी कुंडलिकला ओसरीवर उभं केलं.

"कुंडलिक, ही सर्व्हिस आहे का जत्रा? अवसेपर्यंत मोटार सरळ चालली पाहिजे. नाहीतर पुण्याहून दुसरा ड्रायव्हर बोलावतो. त्याने पक्कड नाही आणली तरी चालेल."

कुंडलिकने मनात हिशेब केला. कोट, टोपी, पक्कड, संस्थानातल्या कारकुनासारखा मिळणारा रामराम, सगळं त्या एका मोटारीवर उभं होतं. मोटार गेली तर उरणार होता तो गेनबाचा पोरगा आणि गेनबाचे बैल. त्या रात्री त्याला भाकर गेली नाही. बायको बाळाबाई म्हणाली, "आवं, घरातला स्टो पेटत न्हाई दिवाळीपासनं. आधी त्यो नीट करून बघा, मंग मोटारीचं बघू." बाळाबाईची जीभ अशी होती, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असे, म्हणून कुंडलिकने तिचं ऐकायचं कधीच सोडून दिलं होतं.

तो गेला वेल्ह्याकडे. तिथं खोऱ्यात चिमाजीबुवा म्हणून एक भगत होते. म्हैस आटली, विहीर आटली, सून रुसली, तिन्हीवर त्यांचा एकच उपाय चाले. मोटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण न पाहिलेल्या गोष्टींवर बोलणं हाच त्यांचा धंदा असल्यामुळे त्यांची काही अडचण झाली नाही. त्यांनी तांदळाचे दाणे मांडले, डोळे मिटले आणि विचारलं, "गाडीत रांडमुंड बाई बसती का कुणी?"

आता भोर ते पुणे जाणाऱ्या कुठल्याही गाडीत एखादी विधवा असायचीच. चिमाजीबुवांनी गाडीत माणसं बसतात का, असं विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. पण कुंडलिकच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाटघरची सगुणाबाई.

सगुणाबाई दर आठवड्याला भाटघरला मोटारीत चढायची. नवरा जाऊन वर्षं झाली होती. दोन म्हशी होत्या, त्यांचं तूप डब्यात भरून ती पुण्याला ठरलेल्या घरी घालायची आणि त्या निमित्ताने लेकीला भेटून यायची. एकुलती एक लेक रतन पुण्यात दिली होती, जावई छापखान्यात होता. बाई कुणाच्या अध्यात न मध्यात, बाकाच्या कडेला डबा मांडीवर घेऊन बसायची. आणि ती असताना मोटार बंद पडायची, हे खरंच होतं. ती नसतानाही पडायची. पण ते दिवस कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते, कारण त्या दिवशी ध्यानात ठेवण्यासारखी बाईच गाडीत नव्हती.

"तिला बसवू नगंस," चिमाजीबुवा म्हणाले. "आन् गाडीला कढत पाण्यात राख घालून कपाळापासनं शेपटापतोर न्हाऊ घाल. घासून."

कुंडलिकने तसंच केलं. राखेच्या कढत पाण्याने आणि काथ्याने त्याने मोटार अशी घासली की झाकण पुन्हा पितळेचं झालं. दुसऱ्या दिवशी भाटघरला सगुणाबाई डबा घेऊन उभी होती. मोटार तिच्यासमोर हळू झाली. कुंडलिकने खिडकीतून सांगितलं, "मावशी, तुमाला न्हाई घेता येत. देवाचा कौल हाय," आणि मोटार पुढे काढली.

आणि काय सांगावं, मोटार वरव्याला थांबली नाही. शिवऱ्याला थांबली नाही. कात्रजचा घाट चढून पुण्यात जाऊन उभी राहिली. परतही तशीच आली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? वकिलांनाही नको होता, आणि त्यांचं तर पुराव्यावरच पोट होतं. ते म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या बाईंना तूर्त बसवू नकोस." शिकलेला माणूस असाच बोलतो. विश्वास नाही हे आधी सांगतो, आणि मग विश्वास असलेल्यासारखं वागतो.

कुंडलिकचं नाव झालं. मोटारीचा रोग ओळखणारा वैद्य म्हणून लोक त्याच्याकडे काय काय घेऊन यायला लागले. कुणी शिवणाचं मशीन, कुणी घड्याळ, एका गिरणीवाल्याने तर पिठाच्या गिरणीच्या इंजिनाची नाडी बघायला बोलावलं. कुंडलिक सगळीकडे जायचा, आत बराच वेळ बघायचा आणि विचारायचा, "हितं कोण बाईमाणूस येतं का?" गिरणीत बाईमाणसाशिवाय दुसरं कोण येणार? दोघीतिघींचं दळण बंद झालं.

सगुणाबाईला मात्र आता वेगळीच घाई लागली होती. रतन पोटुशी होती. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि आठव्या महिन्यात प्रवास करवायचा नाही, सातव्यातच आणायची, ही रीत. सातवा लागून दिवस चालले होते. भोरकडे येणारी दुसरी एक मोटार होती, पण मोटारवाल्यांच्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्या ड्रायव्हरनेही हात जोडले. बैलगाडीने कात्रजचा घाट उतरवून गरोदर पोरीला खडखडत आणायचं म्हटलं तर बाईच्या अंगावर काटा यायचा.

ती कुंडलिकच्या घरी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"कुंडलिकभाऊ, माझं ऱ्हाऊ द्या. म्या चालत जाईन. पर येताना रतनला तेवढी मोटारीत घ्या. तिच्यासंगं म्या नसले तर पोर घाबरंल, म्हून एकडाव मला बी घ्या. मागं उभी ऱ्हाईन."

कुंडलिकने पक्कड खिशातून काढली, पुसली, परत ठेवली. "मावशी, माझ्या हातात असतं तर म्या न्हाई म्हनलो असतो का? कौल हाय. पोटुशी बाई गाडीत आन् गाडी घाटात बंद पडली, मंग कुनी बघायचं?"

"आवं, पर माझ्यामुळं कशी बंद पडंल? म्या काय केलं?"

"तुमी कायबी केलं न्हाई. तुमच्या नशिबानं केलं."

सगुणाबाई वळली. पदर सावरून गेली. बाळाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "गाडी हाकायला तुमाला देवानं ठिवलंय का वकिलांनी? येवढं वंगाळ बोलायला जीभ कशी वळली." कुंडलिकला राग आला. त्याला खरं म्हणजे स्वतःचाच आला होता, पण तो बायकोवर काढणं सोयीचं होतं, म्हणून त्याने भाकर ढकलून दिली आणि मोटारीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी अवस होती. एवढी कृपा केलेल्या मोटारीला कोरडं ठेवणं त्याच्या मनाला पटेना. या वेळी त्याने शेंदूर दुप्पट कालवला आणि बोटाने दाबून दाबून झाकणावर बसवला. उन्हाने तो चारपाच दिवसांत टणक झाला.

त्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी वकीलसाहेब स्वतः मोटारीत होते. धाकटी मुलगी शैलजा हिच्या सोयरिकीसाठी पुण्याला एका बड्या घरी बैठक होती. जरीकाठी उपरणं, नवी पगडी, हातात पेढ्यांचा पुडा. "माझी स्वतःची सर्व्हिस आहे," असं ते मुलाकडच्यांना कळवून बसले होते आणि त्याच सर्व्हिसने वेळेवर पोचणार होते. मोटार भाटघर सोडून, कापूरहोळ सोडून, नसरापूरच्या फाट्यावरून पुढे आली. वरव्याची घरं दिसायला लागली. मोटारीने हिसका दिला, दोनचार आचके, आणि गप्प.

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. गाडीत विधवा नव्हती. एकीने घाईघाईने गळ्यातलं मंगळसूत्र पदराबाहेर काढून ठेवलं. एकाच्या टोपलीत काळी कोंबडी होती, तिच्यावर थोडा वेळ संशय राहिला. कोंबडीसह तो माणूस खाली उतरला, तरी मोटार सुरू झाली नाही.

"कुंडलिक," वकील म्हणाले, "आता कोण?"

कुंडलिक खाली उतरला. त्याने बॉनेट उघडून आत बघितलं. नेहमीसारखं दाखवायला नाही, खरंच बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आत काहीही कळत नाही. नळी सोडवली. तिच्यातून पेट्रोलचे दोन थेंब आले आणि थांबले. टाकी तर सकाळीच भरली होती. त्याने झाकण फिरवलं. "फुस्स" झालं, आणि त्याच क्षणी सोडवलेल्या नळीतून पेट्रोलची धार लागली.

त्याने झाकण लावलं. धार काही वेळाने बारीक झाली, मग थेंब, मग बंद. काढलं. धार.

तो तसाच उभा राहिला. रोज सकाळी पेट्रोलचा डबा तो स्वतः फोडायचा. एक भोक पाडलं तर डबा गचके देत ओततो, म्हणून समोरच्या बाजूला हवेसाठी दुसरं भोक पाडायचं, हे त्याला साहेबाच्या बंगल्यावर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अख्ख्या पुण्याच्या शिक्षणात तेवढीच एक गोष्ट तो खरोखर शिकला होता. त्याने झाकण उलटं करून बघितलं. आतून मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक होतं. वरून त्यावर त्याचा शेंदूर होता. मोटारीला ना पित्त झालं होतं, ना कफ. तो दर अवसेला तिचं नाक दाबत होता. आणि बाईला गाडीतून उतरवल्यावर मोटार चालली होती ती बाई उतरली म्हणून नाही, तर राखेने घासताना शेंदूर निघाला होता म्हणून.

एवढं कळल्यावर दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. कुंडलिक घाबरला. हे बोलायचं कसं? वकील पगडी सावरत उभे होते. झाकणाशिवाय गाडी नेली असती, तर पेट्रोल हिंदकळून सगळं त्या पगडीपर्यंत आलं असतं. नेहमीसारखं नुसतं उघडून लावलं, तर या वेळच्या दुप्पट, टणक शेंदराने ती घाटात पुन्हा गुदमरली असती. भोक मोकळं करणं भाग होतं. पक्कडीचं टोक त्यात जाईना. ज्या पक्कडीवर सगळी इज्जत उभी होती, ती भोकापुढे निरुपयोगी ठरली. बाभळीचा काटा घातला, तो आत मोडला.

इतक्यात त्याला रस्त्याच्या कडेला, म्हसोबाच्या दगडाशी कुणीतरी बसलेलं दिसलं. सगुणाबाई. पहाटेच भाटघरहून चालत निघाली होती. कुणी घेवो न घेवो, लेकीपर्यंत पोचायचं एवढंच तिने ठरवलं होतं. पाय पुढे पसरून ती टाचेत रुतलेला काटा काढत होती. हातात सुई होती. मोटारीत बसत होती तोवर तिला सुई बाळगायची गरज पडली नव्हती. चालायला लागल्यापासून ती कमरेच्या पिशवीत असायची.

कुंडलिक तिच्यापाशी गेला. "मावशी, सुई द्या जरा."

सगुणाबाईने वर पाहिलं. "माझी सावली चालत न्हाई तुमच्या मोटारीला. सुई चालंल व्हय?"

"द्या वो."

"सुई हातातली सोडत न्हाई म्या. येकच हाय. कुठं खुपसायची त्ये दावा."

ती लंगडत आली. उतारू बाजूला झाले. कुंडलिकने बोट ठेवून जागा दाखवली. बाईने सुई घातली, फिरवली, शेंदराचा टणक खवला उडाला आणि काट्याचं टोक आत पडलं. तिने झाकण उचलून उजेडाकडे धरलं, भोकातून आभाळ बघितलं, मग नखाने शेंदूर खरवडला. कुंडलिककडे पाहिलं. दर आठवड्याला तुपाचा डबा ओतणाऱ्या बाईला भोक कशासाठी असतं हे सांगायची गरज नव्हती.

"म्हंजी म्या न्हवते," ती म्हणाली. "ह्यो तुमचा शेंदूर व्हता."

"मावशी, हळू बोला."

"म्या हळूच बोलतीय. वकिलांस्नी ऐकू जाईल आसं बोलू का?"

कुंडलिकने हात जोडले. कुणाला दिसू नयेत म्हणून ते त्याने छातीपाशी, पक्कडीआड जोडले. सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दयेचं नव्हतं, संतापाचं होतं. बघता बघता सातवा सरत आला होता, पायांची चाळण झाली होती, आणि या माणसाला अजून टोपीची काळजी होती.

"पुढं बसनार म्या," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी. आज, आन् उद्या रतनला घिऊन येताना, आन् मला वाटंल तवा."

कुंडलिक वळला. त्याने टोपी सरळ केली आणि उतारूंना खणखणीत आवाजात सांगितलं, "चिमाजीबुवांनी सांगितलंच व्हतं. जिचा दोष तिच्याच हातनं उतरंल. आज उतरला. बाईनं कपाळ टोचलं, पीडा गेली." त्याने हँडल मारलं. मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

लोकांना हे फार पटलं. खरं सांगितलं असतं तर इतकं पटलं नसतं. मघाशी मंगळसूत्र बाहेर काढणाऱ्या बाईनेच सगुणाबाईचं गाठोडं उचलून वर दिलं. वकील म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," आणि घाईने आत बसले.

दुसऱ्या दिवशी रतन मोटारीतून माहेरी आली. कुंडलिकने घाट असा उतरवला की पोटातलं पाणी हलू दिलं नाही. माणूस वाईट नव्हता, एवढंच म्हणता येईल. यथावकाश भाटघरला मुलगी झाली. आपल्या मोटारीतून आलेलं लेकरू म्हणून कुंडलिकने पेढे मागून खाल्ले.

सगुणाबाई मात्र विसरली नाही. ज्या ज्या दिवशी ती भाटघरला उभी असे, त्या त्या दिवशी मोटार थांबायची, बाई पुढे जायची, सगळ्यांदेखत सुई काढायची आणि झाकण टोचायची. मगच शेजारच्या जागेवर चढून बसायची. कुंडलिक खाली मान घालून वाट बघायचा. लोकांनी त्याची रीत करून टाकली. बाईने कपाळ टोचल्याशिवाय गाडी निघणं अशुभ, असं ठरलं. ती नसेल त्या दिवशी उतारू हळहळत. गावात त्याच बाईला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, पुढेही कधी बोलावलं नाही. तो मान फक्त मोटारीने दिला.

पुढे लढाई आली. पेट्रोल मिळेना. वकिलांनी मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली आणि मोटार कोळशाच्या धुरावर चालायला लागली. पुढची टाकी ठाक कोरडी झाली. तरी भाटघर आलं की उतारू ओरडत, "थांबा, आजीला टोचू द्या." सगुणाबाई आता वाकली होती. रतनची पोर तिचा हात धरून उभी असायची. ती हळूहळू चालत पुढे यायची आणि रिकाम्या टाकीच्या झाकणात सुई खुपसायची.

एके दिवशी कुंडलिकला राहवलं नाही. उतारू ऐकू नयेत म्हणून तो खिडकीतून वाकला. त्याचेही केस पिकले होते, कोटाचा खाकी रंग गेला होता, पक्कड तेवढी तिथंच होती.

"मावशी, टाकीत आता थेंब न्हाई. उगा कशाला टोचताय? सांगा की लोकांस्नी."

सगुणाबाईने सुई पदराला पुसली आणि पिशवीत ठेवली.

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "पर सांगायचं तर पयल्यापासनं सांगा."

कुंडलिकने मागे उतारूंकडे पाहिलं. सगळे हात जोडून बसले होते. त्याने टोपी सरळ केली आणि मोटार पुढे काढली.